‘मुंबई दर्शन’ कीं मुंबईचें अदर्शन?

परगांवाहून मुंबईस येणाऱ्या पाहुण्याला एका दिवसांत ‘सगळी मुंबई’ दाखवून देण्याचा जो उद्योग गेलीं अनेक वर्षें जोरानें चालला आहे, त्याविषयीं आमचें मत चांगलें नाहीं, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. सकाळीं आठ वाजतां उतारूंना बसमध्यें बसवावयाचें. गेटवेपाशीं पंधरा मिनिटें उभें करावयाचें. बोरीबंदरचें स्टेशन आणि राजाबाई मनोरा हीं खिडकींतून बोटानें दाखवावयाचीं. मरीन ड्राइव्हवरून गाडी पळवीत हँगिंग गार्डनला न्यावयाची आणि तेथें झुडपें कातरून केलेल्या पशूंच्या आकृतींपुढें मुलांचे फोटो काढूं द्यावयाचे. मग सागरी सेतूवरून वांद्र्यास जाऊन अमक्या नटाचा बंगला ‘डावीकडे’ व तमक्या नटीचा ‘उजवीकडे’ असें ओरडून सांगावयाचें. आणि दिवे लागल्यावर जुहूच्या वाळूंत भेळ खावयास सोडून द्यावयाचें, कीं झालें मुंबईचें दर्शन! हल्लीं ह्याच यादीची सुधारून वाढविलेली आवृत्ति मोबाइलवरही मिळते. तींत वीस-पंचवीस स्थळांचें आश्वासन असतें, व कोणत्या स्थळीं किती मिनिटें थांबावें आणि कोणत्या कोनांतून फोटो काढावा तेंही दिलेलें असतें. काय पाहावें हें तेवढें दिलेलें नसतें.

‘दर्शन’ ह्या शब्दाला आपल्या भाषेंत कांहीं वजन आहे. आळंदीहून निघालेला वारकरी अडीच-तीन आठवडे पायीं चालतो, आणि पंढरीस पोंचल्यावर विठोबापुढें त्याला क्षणभरच उभें राहावयास मिळतें. पण त्या क्षणाला दर्शन म्हणतां येतें तें मागल्या चालण्याच्या बळावर. आमच्या बसवाल्यांनीं क्षण तेवढा ठेविला आणि चालणें काढून टाकलें. आणि वर शब्द मात्र वारकऱ्याचाच घेतला!

ह्या पद्धतींत काय दिसतें व काय राहून जातें ह्याचे दोनतीन दाखले देतों. गेटवेची कमान घ्या. बादशहा पंचम जॉर्ज हे १९११ सालीं येथें उतरले त्या प्रसंगाचें हें स्मारक, एवढें बसमधील मार्गदर्शक सांगतो. पण बादशहा उतरले तेव्हां तेथें दगडी कमान नव्हतीच; होता तो पुठ्ठ्याचा देखावा. पायाचा दगड १९१३ सालीं बसला, आणि इमारत पुरी झाली ती १९२४ सालीं. म्हणजे ज्याच्या स्वागताची ही कमान, तो येऊन गेल्यावर तेरा वर्षांनीं! ती पुरी होऊन चोवीस वर्षें होतात न होतात तोंच, २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं, इंग्रजांची शेवटची पलटण हिच्याच खालून चालत जाऊन बोटींत बसली. स्वागतापेक्षां निरोपालाच ती अधिक उपयोगी पडली. दोन वाक्यांत सांगण्यासारखी ही हकीकत. पण तीं दोन वाक्यें सांगावयास यादींत जागा नाहीं.

हँगिंग गार्डनची गोष्ट ह्याहून चमत्कारिक आहे. ही बाग हवेंत टांगलेली नसून पाण्यावर पसरलेली आहे. हिच्या हिरवळीखालीं शहराला पाणी पुरविणारी मोठी टांकी आहे, आणि ती झांकण्यासाठींच १८८१ सालीं वर बाग केली गेली. विहार तलावाचें पाणी १८६० सालीं येईपर्यंत ही मुंबई विहिरींच्या व तळ्यांच्या आधारावर जगत होती, आणि उन्हाळ्यांत पाण्यासाठीं तिचे हाल होत, हें ज्याला ठाऊक आहे त्याला त्या हिरवळीवर पाऊल टाकतांना कांहीं तरी वाटल्यावांचून राहणार नाहीं. बाकीच्यांना झुडपांचे पशु पुरेसे आहेत.

आणि तो सागरी सेतु! तो २००९ सालीं खुला झाला. त्यावर टोल भरून बस ऐटीनें वांद्र्यास जाते. त्याच्याच पूर्वेस माहीमची खाडी ओलांडणारा जुना रस्ता आहे. जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या पत्नी अवाबाई ह्यांनीं दीड लाखाहून अधिक रुपये पदरचे घालून तो बांधविला. १८४५ सालीं तो खुला झाला, आणि येणाऱ्याजाणाऱ्यापासून त्यावर कर घेऊं नये अशी अट बाईंनीं घातली. नटाचा बंगला बाहेरून पाहण्यासाठीं टोल भरून जाणाऱ्या उतारूंना, बिनटोलाचा रस्ता बांधून देणाऱ्या ह्या बाईचें नांवही ऐकूं येत नाहीं.

येथें आम्हांला एका निराळ्याच प्रतिपक्षाकडे वळावें लागतें. हा पक्ष बसमध्यें बसत नाहीं. तो घरीं बसतो. हा बहुधा सुशिक्षितांचा असून घाटावर त्याचें बळ विशेष आहे. त्याचें म्हणणें असें कीं, मुंबईंत पाहण्यासारखें आहे काय? इंग्रजांनीं आपल्या सोईसाठीं उभारलेलें शहर तें; त्यांत आपल्या अभिमानाचें असें कांहीं नाहीं; पाहावयाचें तर रायगड पाहावा, वेरूळ पाहावें. रायगड व वेरूळ पाहावींच, ह्यांत वाद नाहीं. परंतु मुंबई इंग्रजांनीं बांधली हें विधान, शेत जहागीरदारानें पिकविलें ह्या विधानाइतकेंच खरें आहे. बोरीबंदरच्या स्टेशनाचा नकाशा फ्रेडरिक स्टीव्हन्सचा, हें कबूल; पण १८७८ पासून दहा वर्षें चाललेल्या त्या कामांत भिंतींवर जीं पानें, फुलें व पशुपक्षी उमटले, त्यांच्या घडणींत जे. जे. कलाशाळेंतील विद्यार्थ्यांचा हात होता. राजाबाई मनोरा प्रेमचंद रायचंदांच्या पैशानें उभा राहिला व त्यांच्या आईच्या नांवानें ओळखला जातो. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. ती यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट अग्रभागीं होते. टाउन हॉलमध्यें, म्हणजे जेथें एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय आहे तेथें, त्यांचा संगमरवरी पुतळा बसलेला आहे. ज्यांना ह्या शहरांत ‘आपलें’ कांहीं सांपडत नाहीं त्यांनीं तेथवरच्या पायऱ्या एकदां चढून पाहाव्या.

आणि हा पक्ष ज्या मराठी वाङ्मयाचा अभिमान धरतो, त्याच वाङ्मयांत १८६३ सालीं ‘मुंबईचें वर्णन’ नांवाचें पुस्तक झालेलें आहे. मडगांवांत जन्मलेल्या गोविंद नारायण माडगांवकरांनीं तें लिहिलें. किल्ल्याचे तट पाडावयास निघाले होते, नव्या पेठा वसत होत्या, आगगाडीची नवलाई अजून ओसरली नव्हती. अशा वेळीं ह्या गृहस्थानें शहरांतील देवळें, बाजार, धंदे, नाना जातींचे लोक व त्यांच्या चालीरीति ह्यांची बारकाईनें नोंद केली. त्याला कोणी यादी दिली नव्हती. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांना डॉक्टर जॉन्सन लंडनच्या फ्लीट स्ट्रीटजवळ राहत असे हें पाठ असतें, आणि तें ते उत्तरपत्रिकेंत बिनचूक लिहितात; पण माडगांवकरांचें नांव घेतलें तर तो कोणी नवा क्रिकेटपटू असावा अशा मुद्रेनें आमच्याकडे पाहतात. ह्यांत दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाहीं. पण तो विषय निराळा.

‘तुम्हीं नांवें ठेविलींत, आतां तुमचा दिवस कसा तें सांगा,’ असें आम्हांला कोणी विचारील, व तें रास्तच होईल. सांगतों. आमचा दिवस रविवारचा आहे, आणि त्याला कारण आहे. ज्या रविवारच्या सुटीमुळें माणूस मुंबई पाहावयास निघूं शकतो, ती सुटी येथल्या गिरणी-कामगाराला कोणीं आपण होऊन दिलेली नाहीं. मांडवीच्या एका गिरणींत कोठारावर काम केलेले, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजांतले नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं १८८४ सालीं मुंबईंत गिरणी-कामगारांची सभा स्थापिली. अर्जविनंत्या केल्या, सभा भरविल्या. आणि सहा वर्षांनीं, १८९० सालीं, गिरणीमालकांनीं आठवड्याची सुटी कबूल केली. तेव्हां रविवार हेंच आमचें पहिलें प्रेक्षणीय स्थळ समजावें.

सकाळीं बोरीबंदरला उतरावें आणि दहा मिनिटें चालून जुन्या क्रॉफर्ड मार्केटपाशीं, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईपाशीं यावें. १८६९ सालची ही इमारत. तिच्या दारावरील कमानींत लॉकवुड किपलिंग ह्यांनीं योजिलेलीं दगडी शिल्पें आहेत. त्यांत राजा नाहीं, गव्हर्नर नाहीं. शेतांत राबणारीं माणसें आहेत. शेतकऱ्याच्या स्थितीवर ‘असूड’ लिहिणाऱ्या पुरुषाचें नांव पुढें ह्याच इमारतीला मिळावें हा योग मोठा मौजेचा आहे. खालून रोज हजारों लोक जातात. मान वर करणारा क्वचित् दिसतो. आमचें सांगणें असें कीं, येथें अर्धा तास मान वर करून उभें राहावें. लोक पाहतील, त्यांना पाहूं द्यावें. कदाचित् तेही वर पाहतील.

तेथून परत स्टेशनांत येऊन धिम्या लोकलनें भायखळ्यास जावें. (रविवारीं रेल्वेचा मेगाब्लॉक असतो व गाड्या उशिरां येतात. येऊं द्याव्या.) भायखळ्यास राणीचा बाग आहे, आणि त्याच्या आवारांत भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. आमच्या दिवसाचा मोठा भाग आम्ही येथें घालवितों, आणि कां, तें थोडें सविस्तर सांगणें जरूर आहे.

संग्रहालयाबाहेर एक काळा दगडी हत्ती उभा आहे. पोरें त्यावर चढूं पाहतात आणि पहारेकरी त्यांना हांकलतो; बाकी त्याच्याकडे विशेष कोणी पाहत नाहीं. हा हत्ती पूर्वीं घारापुरी बेटावर होता, आणि त्यालाच पाहून पोर्तुगीजांनीं त्या बेटाला ‘एलिफंटा’ हें नांव दिलें. १८६४ सालीं इंग्रजांनीं त्याला विलायतेस नेण्याचा बेत केला. उचलतांना साखळी तुटली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पुष्कळ वर्षें तसेच होते. १९१४ सालीं ते जोडून हत्तीला पुन्हा उभें केलें गेलें. हजारों लोक लाँचमध्यें बसून एलिफंटाला जातात, आणि ज्या हत्तीमुळें तें एलिफंटा झालें तो भायखळ्यास उभा आहे!

ह्याच आवारांत ‘काळा घोडा’ही आहे. सातव्या एडवर्डाचा अश्वारूढ पुतळा १९६५ सालीं कोटांतून हलवून येथें आणला. घोडा गेला, पण लोकांनीं जागेचें नांव सोडलें नाहीं. आणि २०१७ सालीं तेथें स्वाराविण असा नवा घोडा उभा करण्यांत आला. राजा भायखळ्यास, नांव कोटांत, आणि नव्या घोड्याची पाठ मोकळी! लोकशाहीवरील आमच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षां हें अधिक बोलकें आहे.

आंत जावें. हें संग्रहालय १८७२ सालीं लोकांस खुलें झालें, तेव्हां त्याला व्हिक्टोरिया व आल्बर्ट ह्यांचें नांव होतें. १९७५ सालीं तें बदलून भाऊ दाजींचें देण्यांत आलें. भाऊ दाजी म्हणजे ग्रँट वैद्यक महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडींतले डॉक्टर, शिलालेख वाचणारे संशोधक, महारोगावर औषध शोधणारे, आणि हें संग्रहालय व्हावें म्हणून झटणारे. येथें मातीच्या लहान लहान आकृतींत जुन्या मुंबईचे लोक, त्यांचे पोशाख आणि त्यांचे धंदे मांडलेले आहेत. माडगांवकरांनीं जें शब्दांत केलें तेंच येथें मातींत केलेलें दिसतें. आम्ही प्रत्येक खेपेस ह्यांतलीं चारपांच कपाटेंच पाहतों. सगळीं एका दिवसांत पाहण्याचा आग्रह धरीत नाहीं.

येथून लालबाग पायीं अर्ध्या तासावर आहे. मोठ्या रस्त्यावर आतां उड्डाणपूल झाल्यानें मोटारी डोक्यावरून निघून जातात आणि त्यांतल्यांना खालीं लालबाग आहे हें कळतही नाहीं. हा गिरणगांव. १८५४ सालीं कावसजी दावरांनीं ताडदेवला पहिल्या गिरणीची कंपनी काढली, आणि पुढें शंभर-सव्वाशें वर्षें कोंकणांतून व घाटावरून आलेल्या माणसांनीं येथें सूत काढलें, कापड विणलें. एकेका खोलींत दहा-बारा गडी राहत आणि पाळी बदलेल तसे आळीपाळीनें झोंपत. त्यांना जेवूं घालणाऱ्या बायकांच्या खानावळी असत. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो कोणी रीतसर मागें घेतल्याचें आजतागायत जाहीर झालेलें नाहीं. आणि गिरण्या मात्र एकामागून एक गेल्या. लालबागेंत मसाल्याच्या व चिवड्याच्या गल्ल्या अजून आहेत; तेथें कांहीं खाऊन, करी रोडचा पूल ओलांडून लोअर परळला जावें. फिनिक्स गिरणीच्या जागीं आज मॉल आहे. आंत अवश्य जावें. थंड हवा आहे, बसावयास बांकें आहेत. फक्त तेथें विकावयास ठेवलेलें कापड कोठें विणलेलें आहे, तें चिठ्ठीवर वाचून पाहावें.

संध्याकाळ आम्ही वाळकेश्वरास बाणगंगेच्या कांठीं घालवितों. लोअर परळहून ग्रँट रोड, आणि तेथून टॅक्सी. समुद्र हांकेवर असून ह्या तळ्याचें पाणी गोडें आहे. रामानें बाण मारून तें काढलें अशी कथा आहे, म्हणून हें नांव. वाळकेश्वराचें देऊळ पोर्तुगीजांच्या अमदानींत मोडलें होतें; तें १७१५ सालीं रामा कामाठी नांवाच्या धनिकानें पुन्हा बांधविलें. हा रामा कामाठी इंग्रजांचा मोठा विश्वासू. पण पुढें १७२० सालीं, कान्होजी आंग्र्यांशीं त्याचें आंतून संधान आहे असा आरोप ठेवून त्याच इंग्रजांनीं त्याला कैदेंत टाकलें, व त्यासाठीं पुढें आणलेलीं पत्रें बनावट होतीं. ‘इंग्रजांची मुंबई’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं ह्या पायऱ्यांवर घटकाभर बसावें. पायऱ्यांवर मुलें खेळत असतात, बदकें पोहत असतात, पलीकडे उंच इमारतींत दिवे लागत असतात. ह्याच मलबार टेकडीच्या पोटांतून २०२४ सालीं खुल्या झालेल्या किनारी रस्त्याचा सुमारें दोन किलोमीटरांचा बोगदा गेला आहे. मुंबई पाहावयास आलेला मनुष्य आतां टेकडीच्या खालून जातो, लालबागेच्या वरून जातो आणि माहीमच्या बाजूनें जातो. मुंबईंतून तेवढा जात नाहीं.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका समजत नाहीं. लातूर-सोलापुराकडून एखादें कुटुंब आयुष्यांत एकदां येतें. बरोबर म्हातारी आई, दोन पोरें. हातीं एक दिवस आणि मोजके पैसे. त्यांना गेटवे दाखवूं नये, समुद्र दाखवूं नये, आणि गिरण्यांचीं धुराडीं दाखवावीं, हा कोठला न्याय? समुद्र जरूर दाखवावा. पहिल्यांदां समुद्र पाहणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे पाहणें हेंच एक दर्शन आहे. पण मग समुद्रच दाखवावा, चार तास दाखवावा! त्या म्हातारीला दिवसांतून पंधरा वेळां बसमधून चढाउतरावयास लावून, प्रत्येक ठिकाणीं ‘चला, चला’ म्हणून हांकण्यांत कोणती दया आहे? आणि पैशांविषयीं म्हणाल, तर आम्हीं वर सांगितलेल्या दिवसाचें रेल्वेभाडें माणशीं दहा-वीस रुपयांच्या आंतबाहेर आहे. ज्याच्याजवळ एकच दिवस आहे त्याचा दिवस वीस ठिकाणीं वांटून टाकण्याचा अधिकार कोणाला नाहीं. त्या कुटुंबाचा एखादा आजा किंवा चुलता गिरणींत असण्याचा संभव किती मोठा आहे, हें तर ह्या यादी करणाऱ्यांच्या स्वप्नांतही येत नाहीं. त्या घरांतल्या पोरांना लालबाग ‘परकें’ नाहीं. परका आहे तो वांद्र्याचा बंगला.

बंगल्यांच्या बाजूनें असेंही म्हटलें जातें कीं, सिनेमा हा मुंबईचाच धंदा, मग तो पाहिला तर काय बिघडलें? कांहीं नाहीं, पण तो तरी पाहावा! ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें ह्या देशांत पहिल्यानें दाखविलीं गेलीं तीं वॉटसन हॉटेलांत. ती लोखंडी सांगाड्याची इमारत काळ्या घोड्याजवळच आहे. दादासाहेब फाळक्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या ज्या रस्त्यावर तयार केला त्या रस्त्याला आज त्यांचें नांव आहे. आणि ३ मे १९१३ रोजीं तो गिरगांवांत कॉरोनेशन सिनेमांत लागला. ह्यांतल्या एकाही ठिकाणीं बस थांबत नाहीं. बंद फाटकाकडे पाहत पंधरा मिनिटें उभें राहणें ह्याला सिनेमा पाहणें म्हणत नाहींत.

ह्या सर्वाला एवढें महत्त्व कशासाठीं, असें वाटण्याचा संभव आहे. तर जें पाहिलें जात नाहीं तें पाडावयास सोपें जातें. गिरण्या गेल्या त्या अर्थातच सहलीच्या यादींमुळें गेल्या नाहींत. जमिनीचे भाव, जुनी यंत्रें, मालक, सरकार, संप, अशीं अनेक कारणें आहेत. परंतु त्या यादींत गिरण्या कधींच नव्हत्या, म्हणून त्या गेल्या तेव्हां यादींतून कांहींच गेलें नाहीं. गिरगांवांतल्या चाळी व वाड्या आज त्याच वाटेवर आहेत. केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणपति बसतो. तेथें माणूस भाद्रपदांत जातो, आणि उरलेले अकरा महिने ती चाळ कोणाच्या खिसगणतींत नसते. ती उद्यां उंच इमारतींत रूपांतर पावली, तर बसमधील मार्गदर्शकाला आपल्या भाषणांतला एक शब्दही बदलावा लागणार नाहीं.

राहतां राहिली घारापुरी. ती आम्हीं आपल्या दिवसांतून वगळली, ह्याबद्दल रसिक वाचक आमच्यावर रागावतील. पण सदाशिवाच्या त्या सुमारें वीस फूट उंच मूर्तीपुढें उभें राहून, परतीची शेवटची लाँच किती वाजतां सुटते ह्याची चौकशी करीत बसणें आम्हांला जमत नाहीं. तिला निराळा सबंध दिवस द्यावा. तो सोमवार मात्र नसावा, कारण त्या दिवशीं लेणीं बंद असतात.